प्रत्येक सुपात भिवरा

माझी बिडी पोटुशी असायची. दोन्ही टोकांना बारीक, मधे टुम्म. ओढणाऱ्यानं दोन झुरके मारले की विझायची, आणि पुन्हा काडी लावली की अशी भसकन पेटायची की गड्याला आधी मिशी सांभाळावी लागे. या अंकाच्या संपादकांनी मला 'लढाऊ बिडी कामगार नेत्या' म्हणून लेख मागितला आहे. लढाऊ होते, भांडकुदळ म्हणा हवं तर. नेताही पुढं झाले. पण बिडी कामगार म्हणावं इतकी बिडी मला त्या काळात येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आता या वयात मी कोणाला भिणार?

गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्याच्याच पोटात. राज्य मध्य प्रदेश, कचेऱ्या नागपूरला. आमचं गाव मार्कंड्याच्या वाटेवर. महाशिवरात्रीच्या जत्रेच्या बैलगाड्या आमच्या दारावरून जात आणि गाडीवान आमच्याच गावची बिडी ओढत जात. मी नवी नवरी होऊन त्या गावात आले. नवरा लाकडाच्या डेपोत कामाला. मी चौथी पास, म्हणून सासरी मला फार मान होता. बिडीवाल्या शेठच्या अंगणात सूप मांडीवर घेऊन बसले आणि तो मान पहिल्याच आठवडी बाजाराच्या आत संपला.

ज्यांनी बिडी नुसती ओढली, किंवा नाकाला पदर लावून टाळली, त्यांच्यासाठी सांगते. तेंदूचं पान उन्हाळ्यात जंगलातून येतं, वाळवून, पुडके बांधून. वळायच्या आधी ते पाण्यात भिजवायचं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, म्हणजे नरम पडतं. मग पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं. मांडीवर सूप, सुपात कापलेलं पान, तंबाखू, दोऱ्याची रीळ. पानावर तंबाखूची चिमूट, दोन्ही अंगठ्यांनी गुंडाळी, जाड टोक नखानं आत मिटायचं, निमुळत्या टोकाला दोऱ्याचा वेढा. झाली बिडी. तुम्ही हे वाचलंत तेवढ्या वेळात हुसैनबीच्या सुपात चार-पाच पडल्या असत्या आणि माझ्या सुपात एक, तीही पोटुशी.

ही हुसैनबी आमच्या अंगणाची राणी. नवरा बाजारात बांगड्या विकायचा, आणि हिच्या बोटांत दोऱ्याचा वेढा बांगडीसारखाच गोल बसायचा. तिच्या बिडीचं तोंड चार पाकळ्यांनी मिटलेलं असे, अगदी लवंगेसारखं. तिला स्वतःच्या हाताचा भारी गर्व. आणि असायलाच हवा होता. "माही बिडी छाटनारा अजून आईच्या पोटात हाये," असं ती शेठच्या दिवाणजीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

छाट म्हणजे काय, तेही सांगते. रोज दिवस कलला की आम्ही सुपं घेऊन शेठच्या ओट्याशी रांग लावत असू. ओट्यावर दिवाणजी. तो मूठभर बिड्या उचलायचा, दाबायचा, हुंगायचा आणि नापसंत बिड्या बाजूच्या टोपलीत टाकायचा. ती छाट. छाटलेली बिडी तुमच्या खात्यात धरायची नाही, पण तुम्हाला परतही द्यायची नाही. ती कुठं जायची? जत्रेत, हलकी बिडी म्हणून. छाट मालावर ठरत असेल असं मला आधी वाटे. हळूहळू कळलं की ती बाईच्या जिभेवर ठरते. मान खाली घालून उभी राहणारीच्या चार बिड्या जायच्या, उलट बोलणारीच्या ओंजळभर. आणि दिवाणजी एवढा पक्का की नुसत्या बिडीवरून हात ओळखायचा. प्रत्येकीची बिडी वेगळी असते, अक्षरासारखी.

त्यात भिवराचा हात तर आंधळ्यानंही ओळखला असता. भिवरा डावखुरी. तिच्या पानाचा पीळ उलटा. आम्हा सगळ्यांची बिडी एका अंगानं गुंडाळलेली, तिची दुसऱ्या. ती अंगणाच्या पार टोकाला, दुसऱ्या मडक्याजवळ बसायची. अंगणात पाण्याची मडकी दोन होती. एक आमचं, एक भिवराच्या वस्तीतल्या बायांचं. भिवरानं नखानं मिटलेली बिडी गावचा पाटील सकाळी उठल्या उठल्या ओठात धरायचा. तिच्या मडक्यातलं पाणी मात्र कोणाला चालत नसे. हे मला तेव्हा विचित्र वाटलं का? नाही हो. मला तेव्हा जगाची चिंता होती, अंगणाकडे बघायला फुरसत कुठं होती?

कारण तेव्हा आमच्या गावात नागपूरचे एक युनियनवाले भाई येऊ लागले होते. काडीसारखे, चष्मा लावलेले, अंगात एकच सदरा. बसमधून उतरले की धूळ झटकायचे आणि मोहाच्या झाडाखाली मार्क्सवादाचा वर्ग घ्यायचे. बाया दुपारच्या भाकरीच्या वेळेत जाऊन बसायच्या, काही भाईंच्या बोलण्यासाठी आणि बऱ्याचशा मोहाच्या सावलीसाठी. एकदा त्यांनी एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र आणलं आणि झाडाला टेकवलं.

हुसैनबीनं ते निरखून पाह्यलं. "भाई, या बाबाचा दर्गा कुठी हाये?"

"दर्गा नाही बाई. हे जर्मनीचे. कामगारांसाठी यांनी जन्मभर विचार केला."

"बिडी पीत होते का?"

भाई गडबडले. "चिरूट ओढायचे म्हणतात."

"मंग आपलाच मानूस," हुसैनबी म्हणाली आणि चित्र उन्हातून सावलीत सरकवलं.

मी मात्र हसले नाही. मी शब्द गोळा करत होते. शोषण. वर्गसंघर्ष. श्रमिकांची मुक्ती. बत्ताशासारखे शब्द, जिभेवर ठेवले की विरघळायचे. ते मी शेळीला ऐकवले, सासूला ऐकवले. नवऱ्यानं एकदा जेवताना वरण मागितलं, तर म्हटलं, "आधी हे पाहा, उत्पादनाची साधनं कोणाच्या हाती आहेत!"

तो म्हणाला, "पळी तं तुह्याच हाती हाये."

आता मूळ गोष्टीला येते. आमच्या अंगणात एक रीत होती, तिला 'मूठ देणं' म्हणत. एखादी बाई बाळंत झाली की तिच्या नावाचं सूप रिकामं राहू द्यायचं नाही. अंगणातली प्रत्येक बाई आपल्यातल्या मूठभर बिड्या तिच्या सुपात टाकायची आणि घरातलं कोणी ते सूप ओट्यावर न्यायचं. कारण सूप आलं नाही की शेठ त्या बाईचं पान-तंबाखू बंद करून दुसरीला द्यायचा, आणि दुसऱ्या दारात उभ्याच असायच्या. आधीचा दिवाणजी म्हातारा होता, लेकी-सुनांचा. त्याला सगळं ठाऊक होतं, पण तो बोलत नव्हता. बायाही बोलत नव्हत्या. ही रीत न बोलण्यावरच उभी होती. आणि बोलायचं नाही असं काही असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

माघात भिवराला मुलगी झाली. म्हातारा दिवाणजी जाऊन त्याच्या जागी हा नवा पक्का दिवाणजी आला होता. भिवराची सासू रोज सूप नेई. एके दिवशी ती तापानं फणफणली, म्हणून मी म्हटलं, मी नेते. हुसैनबी म्हणाली, "नेतेस तं ने. पन ठेवून ये. तोंड उघडू नको."

दिवाणजीनं बिडी उचलली, बोटांत फिरवली. "ही भिवराची?"

"हो."

"भिवराचा पीळ उलटा. हा तं सुलटा हाये. हात कवा बदलला तिनं?"

यावर काय म्हणायचं ते रांगेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. 'बाळंतीन हाये बापा, सासूनं वळल्या असतीन' इतकं म्हटलं असतं तरी तो कुरकुरत गप्प बसला असता. मी काय केलं? ओट्याच्या पायरीवर चढले, रांगेकडे तोंड केलं आणि हात वर करून म्हटलं, "ही एका बाईची बिडी नाही! ही कामगारवर्गाची एकजूट आहे! यात आम्हा सगळ्यांची मूठ आहे!"

टाळ्या पडतील अशी माझी अपेक्षा होती. कोणाच्या तरी सुपातली दोऱ्याची रीळ पायऱ्यांवरून टपटप खाली गेली, तेवढाच आवाज झाला.

दिवाणजी हसला. "बरं झालं सांगतलं. आपन मानसाले पान-तंबाखू देतो, एकजुटीले नाई देत. भिवराचं पान उद्यापासून बंद. आन यात ज्या ज्या बाईची मूठ हाये तिची छाट मी पाहून घेतो. हात वळखतो मी सगळ्यायचे."

परतताना बाया झपाझप पुढं निघून गेल्या. मी मनात स्वतःला हुतात्मा समजत होते. हुतात्मा भिवरा झाली होती, हे तिच्या घरी गेल्यावर कळलं. ती चुलीपाशी पोरीला शेक देत बसली होती.

"भाषन चांगलं झालं म्हनतेत," ती म्हणाली. "मले बी ऐकव."

मी खाली बसले.

"नाई, ऐकव ना. मले सडकेवर गिट्टी फोडाले जा लागन आता. ओली बाळंतीन मी. पोरीले कोनापाशी ठेवू, तुह्या एकजुटीपाशी?"



दुसऱ्या दिवशी भाई आले. मोहाखाली सगळ्या जमल्या. मी उठून म्हटलं, "बेमुदत संप!" संपाची मला फार हौस. तोवर मी एकही पाह्यला नव्हता.

"चूल बी बेमुदत बंद ठेवाची का?" हुसैनबीनं विचारलं. "आन चूल बंद ठेवून बाळंतिनीच्या घरी का नेशीन, बावटा?"

भाईंनी मला खाली बसवलं आणि विचारलं की दिवाणजीला समजतं कसं, कोणाची बिडी कोणती ते. बायांनी सांगितलं. हुसैनबीची लवंग, भिवराचा उलटा पीळ, "आन कौशीची पोटुशी," असं तीन-चार जणी एकदम म्हणाल्या आणि त्या तणावातही हसू फुटलं. कौशी म्हणजे मी, कौसल्या. भाईंनी चष्मा पुसला आणि सहज म्हणाले, "मग सगळ्यांच्या बिड्या एकत्र करून पुन्हा वाटून घेतल्या तर? तो ओळखणार कोणाला?"



भाईंना वाटलं, आपण साधीशी तोड सांगितली. त्यांना काय ठाऊक, त्यांनी काय मागितलं ते! बिड्या मिसळल्या की छाट सगळ्यांवर सारखी. म्हणजे माझ्या पोटुश्या हुसैनबीच्या सुपात जाणार आणि तिच्या लवंगा माझ्या. जिच्या सुपातली बिडी आजवर टोपलीत पडली नव्हती, तिच्या सुपातून उद्या माझा कचरा उचलून सगळ्यांसमोर फेकला जाणार. आमच्यासारख्यांना या सौद्यात गमवायला होतं काय? द्यायचं होतं ते तिलाच. जगातली सगळी संपत्ती सगळ्यांची असावी, हे मी शेळीलासुद्धा पटवलं होतं. पण कोणी माझी बिडी आपली म्हणावी, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. सगळ्या हुसैनबीकडे बघत होत्या. तिनं पान थुंकलं, लुगडं झटकलं आणि निघून गेली.

त्यानंतरच्या दिवशी अंगणात नुसता कात्र्यांचा आवाज. हुसैनबी मान वर करीना. अशी सुरेख बिडी तिनं उभ्या जन्मात वळली नसेल. एकेक तोंड असं मिटत होती की जणू लेकीचे केस विंचरून वेणी घालतेय. भाई बसनं परत गेले नव्हते. ते फाटकाशी उभे, आत यायची हिंमत होत नव्हती. ऊन कललं. ओट्यावर जायची वेळ झाली.

हुसैनबी उठली. अंगणाच्या मधोमध तिनं आपली चादर पसरली, सूप उचललं आणि सगळ्या लवंगा त्या चादरीवर ओतल्या.

"पाहून का राह्यल्या? टाका."

बायांनी सुपं ओतली. माझी वेळ आली तेव्हा मी सूप धरूनच उभी राहिले. लाज वाटली हो. तिनं माझ्या हातातून सूप ओढलं, उपडं केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे पाय कौशे, आजपासून तुही बिडी माही हाये. मले लाज आननारी बिडी मी वळत नाई. उद्यापासून माह्यापाशी बसाचं."

तेवढ्यात भिवराची सासू फाटकातून आली, अंगावर गोधडी, हातात फडक्याची पुरचुंडी. "भिवरानं पाठवल्या," ती म्हणाली. "म्हने, माह्या सुपासाठी सगळ्यायची मूठ, तं सगळ्यायच्या सुपात माही काऊन नाई?" घरात उरलेल्या पानाच्या, पडल्या पडल्या वळलेल्या मूठभर बिड्या, पीळ उलटा. त्याही चादरीवर पडल्या. भाईंनी बाह्या सरसावल्या आणि आमच्याबरोबर बसून बिड्या कालवल्या. तंबाखूनं त्यांना अशा शिंका आल्या की शेवटी हुसैनबीनं त्यांना अंगणाबाहेर काढलं. कालवून झाल्यावर सुपं भरली. एक भिवराच्या नावाचं.

ओट्यावर दिवाणजीनं पहिल्या सुपात हात घातला आणि उलटा पीळ निघाला.

"ही भिवराची!"

"नाई जी. माहं सूप हाये."

दुसऱ्यात उलटा पीळ. तिसऱ्यातही. प्रत्येक सुपात भिवरा. माझ्या सुपातून त्यानं लवंग काढली, उजेडात धरली. "काऊन वं कौशी, तू हे वळाले लागली?"

मी तोंड उघडलं, आणि मागून हुसैनबीनं दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलं. माझ्या सार्वजनिक जीवनातलं ते सर्वांत परिणामकारक मौन.

त्यानं रागानं हुसैनबीच्या सुपातली एक पोटुशी उचलली आणि टोपलीत भिरकावली. ती टोपलीत पडताना हुसैनबी बघत होती. तिनं पापणी हलवली नाही. फक्त हनुवटी थोडी वर गेली. मग त्यानं पुढच्या सुपातली एक फेकली, मग आणखी एक. पण कोणाला शिक्षा करतोय ते त्याचं त्यालाच कळेना. खाली जत्रेच्या माळावर न्यायच्या गाड्या उभ्या होत्या, बैल जुंपलेले, आणि गाडीवान विचारत होते, माल भरायचा की नाई? सगळ्यांचा सगळा माल छाटला तर शेठच्या गाड्या मार्कंड्याला रिकाम्या जाणार होत्या.

"भिवराचं सूप कोनतं?" त्यानं शेवटी विचारलं.

रांगेतल्या सगळ्यांनी आपापलं सूप पुढं केलं.

"घ्या जी, हे."

"हे बी घ्या."

"इचारत बसन्यापेक्षा एक उचला ना कोनतंबी!"

गाडीवानही हसायला लागले. दिवाणजीनं हाताला लागलं ते एक सूप ओढलं, त्यात भिवराच्या नावानं दुसऱ्या दिवसाचं पान आणि तंबाखू आदळलं आणि तोंड फिरवलं. ते सूप खरंतर माझं होतं. मी ते उचललं आणि पळत भिवराच्या घरी नेलं. ती म्हणाली, "आज भाषन नाई का?" म्हटलं, नाही. म्हणाली, "मंग बस."

संपादक, तुम्हाला मोठा लढा हवा असेल. मोठे लढेही झाले, पुढं, मोर्चे, कोर्ट, कामगार अधिकाऱ्यापुढची भांडणं. त्यांचे हार माझ्या गळ्यात पडले. पण मला विचाराल तर श्रमिकांची मुक्ती म्हणजे काय, ते मला त्या चादरीशी पहिल्यांदा थोडंसं कळलं, आणि ते फार गैरसोयीचं होतं. दुसरीची बिडी आपली मानली की आपली वाईट बिडी तिच्या गळ्यात पडते. मग ती चांगली वळावीच लागते. हुसैनबीनं मला पुढचे कित्येक महिने बाजूला बसवलं. पोटुशी निघाली की कात्रीच्या मुठीनं बोटावर टाकायची. "पोट कमी कर! बाळंतपन कोन करीन तिचं?"

चुटपुट एकाच गोष्टीची. भिवरा पोरीला पाठीशी बांधून अंगणात परत आली तेव्हा पुन्हा त्याच टोकाला, त्याच दुसऱ्या मडक्याजवळ बसली. म्हणाली, "बाई, बिड्या एक झाल्या. मडके कवा होतीन?"

मी पुस्तकासारखी बोलले. म्हटलं, "आधी वर्गलढा जिंकू, बाकीचं आपोआप होईल."

"मंग तहान बी आपोआप जाईन," ती म्हणाली आणि पान कापायला लागली.

आपोआप काही झालं नाही. दोन-तीन उन्हाळे गेले. मग एका दुपारी हुसैनबी उठली, भिवराच्या मडक्यातून लोटा भरला, उभ्यानं प्याली आणि तोंड पुसून म्हणाली, "थंड हाये. आपल्यातलं कोमट राह्यते." मग एकेक बाई उठली. मीही गेले, पण पाचवी की सहावी. भाषण करणाऱ्या बाईची ती जागा नव्हे.

हुसैनबीचे डोळे म्हातारपणी गेले. मी युनियनच्या कामानं जिल्हाभर फिरायची, त्या वाटेनं गेले की तिच्या खाटेशी बसायची. एकदा मी थैलीतून पान काढलं, तिथंच बसून एक बिडी वळली, तोंड चार पाकळ्यांनी मिटलं आणि तिच्या हातावर ठेवली.

"कोनाची?" तिनं विचारलं.

"तुमीच सांगा."

तिनं ती अंगठ्याखाली फिरवली. चारही पाकळ्या चाचपल्या. चेहरा उजळला. "माही हाये. जुनी राह्यली वाटते एखांदी."

मी गप्प बसले. शिकले होते ते मी एव्हाना. तिचा अंगठा खाली सरकला, मधोमध आला आणि तिथंच थांबला.

"तोंड माहं हाये," ती म्हणाली. "पोट तुहंच हाये, कौशे."

आणि बिडी कानावर खोचून ठेवली.